गाडी शिकवणारे 'सर' कसे व्हायचे? मोटार ड्रायव्हिंग प्रशिक्षकाची पात्रता



मध्यंतरी आमचा एक माजी विद्यार्थी शाळेत भेटायला आला. दहावीनंतर लवकरच तो ड्रायव्हिंगला लागला. आधी टेम्पो, मग एका कंपनीची गाडी. नऊ वर्षं स्टिअरिंगवर काढली. म्हणाला, "सर, आता आचोळ्यातच स्वतःचा गाडीचा क्लास काढतो. पोरांना नीट शिकवीन."

मला फार बरं वाटलं. आम्ही दोघं नियम वाचायला बसलो आणि एका अटीपाशी अडलो. मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच नाही, सर."

ते वाक्य माझ्या मनाला लागलं. दहावीनंतर काय करायचं हे सांगणारे आपणच असतो ना? म्हणून आजचा हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करूया

आपल्याकडे प्रशिक्षकाला वेगळं लायसन्स मिळत नाही. लायसन्स मिळतं ते मोटार ट्रेनिंग स्कूलला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२ मध्ये त्याची तरतूद आहे आणि तपशील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २४ मध्ये आहेत. शिकवणाऱ्याची पात्रता याच नियमात दिलेली आहे.

शिकवणाऱ्याकडे काय हवं?

१. किमान दहावी पास.
२. गाडी चालवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव.
३. मोटार मेकॅनिकचा कोर्स केल्याचं प्रमाणपत्र किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधली त्याहून वरची पात्रता. ती संस्था सरकारी किंवा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेली हवी. गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं दिलेला कागद इथं चालत नाही.
४. वाहतुकीच्या चिन्हांचं आणि रस्त्यावरच्या नियमांचं पक्कं ज्ञान.
५. गाडीचे भाग दाखवून त्यांचं काम समजावून सांगता येणं.
६. इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषेचं पुरेसं ज्ञान. म्हणजे मराठी उत्तम असेल तरी चालतं, बरं का!

आमचा विद्यार्थी तिसऱ्या अटीवर अडला. पण वाट अगदी बंद नाही. ही पात्रता अर्जदाराकडे किंवा त्यानं शिकवण्यासाठी नेमलेल्या माणसाकडे असावी, असं नियम म्हणतो. म्हणजे पात्र प्रशिक्षक नेमून स्कूल काढता येतं. स्वतः शिकवायचं असेल, तर मात्र प्रमाणपत्राला पर्याय नाही.

स्कूल काढायचं असेल तर

गाडी चालवायला शिकवायचं तर फक्त गाडी असून भागत नाही. ज्या प्रकारचं वाहन शिकवायचं, त्या प्रकारचं किमान एक वाहन स्वतःच्या मालकीचं आणि फक्त शिकवण्यासाठी राखलेलं हवं. मोटारसायकल सोडून बाकी वाहनांत दुहेरी नियंत्रण हवं, म्हणजे शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक-क्लच. शिवाय वर्गखोली लागते. फळा, बाकं, टेबलं, वाहतूक चिन्हांचे तक्ते, इंजिन-गिअरबॉक्सचे भाग, पुस्तकं आणि प्रथमोपचार पेटी. यादी वाचताना मला आपलीच शाळा आठवली!

अर्ज नमुना १२ मध्ये आरटीओकडे करायचा असतो. फी १०,००० रुपये. लायसन्सची मुदत ५ वर्षं, नंतर नूतनीकरण. आपल्या वसई-विरारच्या गाड्यांवर एमएच-४८ असतं, तेच आपलं आरटीओ. अर्ज नाकारायचा असेल, तर आधी अर्जदाराची बाजू ऐकून घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवा.

मोठ्या, 'मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रां'चे नियम वेगळे आहेत. ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. तिथं शिकवायला बारावी पास आणि ५ वर्षांचा अनुभव लागतो. हलक्या वाहनाचा कोर्स २९ तासांचा असतो, त्यात ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर. म्हणून मुलाला शक्य असेल, तर बारावी जरूर करू द्या.

अभ्यासक्रमसुद्धा आहे!

किती पालकांना हे माहीत आहे? नियम ३१ मध्ये गाडी शिकवण्याचा पूर्ण अभ्यासक्रम दिला आहे. कारसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं हवं. ट्रक-बससारख्या वाहतुकीच्या वाहनांसाठी हेच ३० दिवस आणि १५ तास होतात. कार शिकणाऱ्याच्या अभ्यासक्रमात प्रथमोपचार आहेत आणि रस्त्यावरच्या इतरांशी सभ्यपणे वागणंही आहे. शिकणाऱ्यांची नोंद नमुना १४ च्या रजिस्टरमध्ये, चालवलेल्या तासांची नोंद नमुना १५ मध्ये आणि शेवटी नमुना ५ चं प्रमाणपत्र.

आता आचोळे रोड डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी शेअर रिक्षा, भाजीच्या गाड्या, शाळा सुटलेली मुलं, पावसाळ्यात साचलेलं पाणी. इथं नवशिक्याला गाडी हातात देणारा माणूस खरोखर जबाबदारीचं काम करतो. चार दिवस स्टिअरिंग धरायला लावलं आणि 'झालं, आता टेस्ट द्या' म्हटलं, तर त्याची किंमत रस्त्यावरचा कुणीतरी मोजतो. कदाचित आपलंच लेकरू.

चालवता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं

शिक्षक म्हणून मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गणित येणारा प्रत्येक जण गणित शिकवू शकतो का? नाही ना! ब्रिटनमध्ये प्रशिक्षक व्हायला तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली लेखी ज्ञानाची, दुसरी स्वतःच्या ड्रायव्हिंगची आणि तिसरी शिकवण्याच्या कौशल्याची. आपल्या नियमात तिसरी परीक्षा नाही. 'समजावून सांगता येणं' एवढीच अपेक्षा आहे. ती कमी प्रशिक्षकानं स्वतःच भरून काढायची. घाबरलेल्या शिकाऊ माणसावर ओरडायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, चूक का झाली ते गाडी थांबवून बोलायचं. बी.एड.मध्ये आपण हेच तर शिकलो!

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनी: दहावीच्या मुलांना आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिक ट्रेडची माहिती द्या. गाड्यांची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वर्गात असते. हो, मुलगीसुद्धा! अनेक महिलांना शिकवायला महिला प्रशिक्षक हवी असते.

पालकांनी: मुलाचा क्लास लावताना फक्त फी विचारू नका. लायसन्स दर्शनी भागात लावलंय का, प्रशिक्षकाची पात्रता काय, गाडीत दुहेरी ब्रेक आहेत का, १० तासांची नोंद कुठं होते, हे विचारा. उत्तर टाळलं, तर दुसरा क्लास पाहा.

वर्गासाठी उपक्रम: मुलांना शाळेजवळच्या रस्त्यावरची वाहतूक चिन्हं वहीत काढायला सांगा आणि प्रत्येकाचा अर्थ घरी आई-बाबांना विचारायला सांगा. घरात काय चर्चा होते ते दुसऱ्या दिवशी ऐका!

आणि तो आमचा विद्यार्थी? नोकरी सांभाळून मोटार मेकॅनिकचा कोर्स कुठं करता येईल, याची चौकशी करतोय. जाताना हसत म्हणाला, "सर, पुन्हा बाकावर बसायचं!" मी म्हटलं, "बस बाबा. आधी बाकावर बसलेलाच पुढं फळ्यासमोर उभा राहतो."

लेख आवडला तर दहावीच्या पालकांपर्यंत नक्की पोहोचवा.