तोडणीच्या यादीतून नाव का गळते?

(शेतकी विभागाकडून)



ऊस नोंदीच्या याद्या पूर्वी रजिस्टरावरून हाताने उतरून काढत. आता त्या संगणकातल्या डेटाबेसमधून निघतात आणि तोडणीचा क्रम त्यांवरच लागतो. यादीत नाव आले नाही तर ऊस शेतात उभा असूनही कागदावर नसतो. पाळी चुकते, उसाला तुरा येतो, वजन घटते आणि पुढचा खोडवाही मागे पडतो. म्हणून यादी कशी निघते, हे आपण सर्वांनी समजून घेतलेले बरे.

यादी काढताना पडद्यावर काही रकाने येतात. हंगाम, गट, गाव, उसाची जात, लागणीचा प्रकार, नोंदीची तारीख वगैरे. त्यांत आपण जे भरतो ते पॅरामीटर. त्याप्रमाणे नोंदी चाळल्या जातात, तो फिल्टर. धान्याच्या चाळणीचेच काम म्हणा ना! यांत हंगाम सक्तीचा. तो नसेल तर जुन्या वर्षांच्या नोंदीही यादीत घुसतील. बाकीचे रकाने ऐच्छिक, म्हणजे रिकामे सोडले तर 'सगळे' असा अर्थ घ्यायचा.

पण हा अर्थ संगणकाला आपोआप कळत नाही. नुसती 'गाव जुळले पाहिजे' एवढीच अट असेल, तर रकाना रिकामा राहताच एकही नोंद येत नाही. म्हणून अट अशी लिहावी लागते : 'गाव विचारलेले नसेल, किंवा नोंदीतले गाव विचारलेल्या गावाशी जुळत असेल, तर नोंद घे.' ही जोडी कंसात बांधलीच पाहिजे. कंस सुटला तर हंगामाची अट बाजूला पडते आणि त्या गावाच्या मागच्या सगळ्या हंगामांच्या नोंदी यादीत येतात.

काही ठिकाणी आखूड वाट धरतात. जात विचारली नसेल तर नोंदीतली जात तिच्याशीच ताडून पाहायची. वरवर ठीक वाटते. स्वतःशी कोण जुळणार नाही? पण ज्या नोंदीत जात लिहिलीच नाही, तिथे 'माहीत नाही' आणि 'माहीत नाही' यांची बरोबरी डेटाबेस मानत नाही. ती नोंद गुपचूप गळते. समजा, गटात १०० नोंदी आहेत आणि ४ नोंदींत जात नाही. 'सर्व जाती' मागूनही ९६ च मिळतील. को ८६०३२, फुले २६५ अशा एकेका जातीच्या याद्या काढून बेरीज केली तरी ९६ च! ताळा जुळल्यासारखा दिसतो आणि चार शेतकरी बाहेर राहतात. म्हणून वर दिलेली लांब अटच खात्रीची.

तारखेचेही तसेच. नोंदीबरोबर वेळ साठवलेली असेल, तर '३१ ऑगस्टपर्यंत' म्हटल्यावर संगणक त्या दिवसाच्या आरंभीच थांबतो. ३१ तारखेला दिवसभरात नोंदवलेला आडसाली ऊस सुटतो. त्याऐवजी '१ सप्टेंबरच्या आधी' अशी अट घालावी.

आता सभासदांनी करावयाच्या गोष्टी :

१) नोंद देताना चिटबॉयला गट नंबर, क्षेत्र, जात व लागणीची तारीख पूर्ण सांगावी. जात नक्की ठाऊक नसेल तर 'इतर' लिहवून घ्यावे, रकाना कोरा ठेवू नये.

२) नोंदीची पावती घरी नेण्याआधी तिथेच वाचावी.

३) गट कार्यालयात यादी पाहताना तिच्या माथ्यावर कोणते फिल्टर लावलेत ते आधी पाहावे. माथा कोरा असेल तर विचारावे. आपले नाव नसेल तर ती यादी दुसऱ्याच जातीची किंवा लागणीची तर नाही ना, याची खात्री करावी.

४) तरीही नाव नसेल तर पावती घेऊन शेतकी विभागात यावे. हे तोडणी सुरू होण्याआधी करावे. पाळी गेल्यावर यादी दुरुस्त होईल, पण वाळलेला ऊस पुन्हा हिरवा होणार नाही.