डावीकडची कोशिंबीर उजवीकडे

पानाच्या डाव्या बाजूस काय वाढावयाचे आणि उजव्या बाजूस काय, हे आपल्या घरांतील मुलांना निराळे शिकवावे लागत नाही. वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, आमटी, पक्वान्न. आणि मध्ये वरणभाताची मूद. डावीकडचे पदार्थ तोंडी लावण्याचे व बाकीचे पोट भरण्याचे, असा या मांडणीचा उघड अर्थ आहे. कोशिंबीर वाढणारा मुलगा अर्धा चमचा टाकून पुढे जातो, आणि त्याच्याकडून दोन पाने चुकली तरी कोणी त्यास हाक मारीत नाही. भात वाढणारा मात्र चुकू शकत नाही. आमच्या घरी गेली तीन वर्षे ही कोशिंबीर पानाच्या डावीकडून उठून उजवीकडे, वाटीत, येऊन बसली आहे. हे स्थलांतर कसे झाले आणि त्यातून आम्हांस काय लाभले, ते वाचकांपुढे मांडावे असे वाटते.

आमच्या थोरल्या बंधूंस चाळिशीनंतर मधुमेह जडला. त्या वेळी घरात माणसे पंधरा. वैद्यांनी व डॉक्टरांनी पथ्य सांगितले, आणि आईने ते मोठ्या काळजीने पाळावयास घेतले. म्हणजे काय केले, तर दादांचे ताट वेगळे केले. सर्वांची पंगत वरणभात, तूप, बटाट्याची भाजी यांवर बसे, आणि दादांपुढे कोरडी भाकरी, उकडलेले कारले व ताकाचे पाणी येई. प्रेमात काही कमी नव्हते. परंतु रोग्याचे ताट वेगळे पडले की मनुष्य आपल्याच घरात पाहुणा होतो. दादा दिवसा पथ्य पाळीत आणि रात्री सर्व निजल्यावर स्वयंपाकघरात जाऊन थंड भात खात. आम्हांस हे ठाऊक होते. आम्ही बोललो नाही. पुढे त्यांच्या पायाच्या अंगठ्यास वहाणेची जखम झाली. या विकारात पायाची संवेदना मंदावते, म्हणून ती त्यांस दुखली नाही, आणि दुखली नाही म्हणून त्यांनी ती कोणास दाखविली नाही. अंगठा काढावा लागला. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले.

यास्तव तीन वर्षांपूर्वी आमच्याच रक्ताच्या तपासणीत साखर वाढलेली आढळली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे प्रथम आले ते दादांचे ते वेगळे ताट. घरी येऊन आम्ही सौ.स म्हणालो, "उद्यापासून माझे निराळे करा." ती काही बोलण्यापूर्वी सूनबाई म्हणाली, "बाबा, निराळे काही होणार नाही. जे कराल ते सगळ्यांनी खायचे, आणि जे सगळ्यांना खाता येणार नाही ते तुम्हांलाही नको." या एका वाक्यावर पुढचे सर्व उभे राहिले आहे.

आता थोडा विषयाचा विचार करू. पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांस पिष्टमय व शर्करामय पदार्थ म्हणत, त्यांस आता कर्बोदके म्हणतात. भात, पोळी, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ ही सर्व त्याच कुळातली. पचनानंतर त्यांची ग्लुकोज नावाची साखर बनून ती रक्तात उतरते. निरोगी शरीरात स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन ती पेशींपर्यंत पोहोचविते. मधुमेहात ते कमी पडते किंवा शरीर त्यास दाद देत नाही. टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले, आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका रोग्यास टोचले गेले. तोपर्यंत आहार आवळणे हाच वैद्यांच्या हातचा मुख्य उपाय होता. आज औषधे पुष्कळ आहेत, तरीही ताटात किती पिष्ट पडते हा प्रश्न मिटलेला नाही.

शिजविलेल्या १०० ग्रॅम भातात कर्बोदके सुमारे २८ ग्रॅम असतात. तितक्याच काकडीत ती साडेतीन ग्रॅमच्या आसपास, पांढऱ्या मुळ्यात तितकीच, टोमॅटोत ४, ढोबळ्या मिरचीत साडेचार, कोबीत ६. गाजर, बीट व कांदा ९ ते १० वर जातात. उकडलेला बटाटा व मक्याचे दाणे २० च्या घरात. हे आकडे समोर ठेवले की पोट कशाने भरावे याचे उत्तर आपोआप मिळते. परंतु नुसत्या काकडीच्या चकत्यांनी कोणाचे पोट भरत नाही, आणि मन तर मुळीच भरत नाही. त्यांस स्निग्धता हवी, प्रथिने हवीत, चव हवी.

पहिले आठ दिवस सूनबाईने दह्यातली कोशिंबीर मोठ्या पातेल्यात केली, आणि ती आठही दिवस फसली. पंगत बसेपर्यंत पातेल्यात पाण्याचे तळे होई. धाकटा नातू त्यास 'काकडीची आमटी' म्हणू लागला. दोष कोणाचा, तर मिठाचा. काकडीत शेकडा ९५ भाग पाणी असते, आणि बाहेर मीठ पडले की ते पाणी पेशींतून बाहेर खेचले जाते. त्यात पातळ दह्याची भर. तेव्हा दही दाट हवे आणि मीठ उशिरा हवे, इतके आमच्या ध्यानात आले.

दाट दही म्हणजे चक्का. संस्कृतात शिखरिणी हे सतरा अक्षरांच्या एका वृत्ताचे नाव आहे आणि साखर घातलेल्या घट्ट दह्याच्या पक्वान्नाचेही. आमच्या पिढीला चक्का म्हटला की श्रीखंडच आठवते. तोच चक्का साखरेऐवजी मोहरीच्या हाती द्यावा, ही कल्पना सौ.ची. तिच्या माहेरी कोकणात मोहरी फेसून कोशिंबिरीस लावण्याची जुनी रीत आहे. तिने सांगितलेली व आमच्या घरात आता रुळलेली कृती अशी.

सहा माणसांसाठी अर्धा किलो ताजे, गोड दही स्वच्छ पातळ फडक्यात बांधून चार तास टांगावे. उन्हाळ्यात ते चाळणीवर ठेवून फ्रीजमध्ये निथळावे, नाहीतर आंबते. सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. दुधातली साखर पाण्यात विरघळणारी असल्यामुळे तिचा मोठा भाग निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जातो, हा दुहेरी लाभ. ते पाणी टाकू नये. पोळ्यांची कणीक त्यात भिजवावी.

नंतर एक लहान चमचा मोहरी खलात किंवा पाट्यावर घेऊन, दोन चमचे थंड पाण्याचा शिपका देत वाटावी, ती फेसाळेपर्यंत. पाणी थंडच हवे. मोहरीचा झणका तिच्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागले म्हणजे तिच्यातील एका विकराच्या क्रियेने तो उत्पन्न होतो, आणि कढत पाण्याने तो विकरच मरतो. आंबट लागले तरी त्याचे काम मंदावते, म्हणून वाटलेली मोहरी दहा मिनिटे तशीच ठेवावी आणि मगच चक्क्यात मिसळावी. उतावळ्या सुनांची मोहरी कडू होते व धीराच्या सुनांची झणझणीत, असे आमच्या सासूबाई म्हणत; त्यामागे हे रसायनशास्त्र होते.

आता चक्का वाडग्यात घेऊन रवीने किंवा डावाने गुळगुळीत घोटावा. त्यात ती मोहरी, भाजलेल्या शेंगदाण्यांचे ५० ग्रॅम बारीक कूट, आल्याचा कीस, वाटलेली हिरवी मिरची व अर्ध्या लिंबाचा रस घालावा. मग घाण्याचे शेंगदाण्याचे किंवा तिळाचे दोन मोठे चमचे तेल थेंबथेंब सोडीत घोटीत राहावे. एकदम ओतू नये. तेल व पाणी यांचे एरवी जमत नाही. परंतु मोहरीतील चिकट द्रव्य आणि चक्क्यातील प्रथिने तेलाचे सूक्ष्म थेंब धरून ठेवतात, आणि सर्व मिश्रण सायीसारखे दाट, चकचकीत होते. युरोपात मेयोनेज करताना हेच काम अंड्याच्या बलकाकडे असते. आमच्या घरात अंडे येत नाही, आणि त्यावाचून काही अडलेही नाही. बाजारच्या बाटल्यांत पुष्कळदा साखर व पिष्ट घातलेले असते. वरील चिठ्ठी वाचल्यावाचून त्या घेऊ नयेत. या मिश्रणास आम्ही फेसलेले दही म्हणतो.

भाज्या अशा: काकडी ४०० ग्रॅम, कोबी २००, आणि कोवळा मुळा, टोमॅटो व ढोबळी मिरची प्रत्येकी १००. सर्व वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन कोरड्या पुसाव्या, कारण त्या कच्च्याच खावयाच्या. काकडीचे टोक चाखून पाहावे. कडू निघाल्यास ती बाजूस ठेवावी. काकडी किसू नये, चोचवावी. किसली की पाणी सुटते. कोबी केसासारखा बारीक चिरावा. आमच्यासारख्या ज्यांच्या दाढा निवृत्त झाल्या आहेत त्यांच्यासाठी तो चाळणीत घेऊन वरून कढत पाणी ओतावे व घट्ट पिळावा. मऊ होतो, पण शिजत नाही. टोमॅटोचा गर व बिया काढून फक्त फोडी घ्याव्या. मुळ्याचा कोवळा पाला फेकू नये. भरपूर कोथिंबीर घालावी. पाने मांडून झाली, माणसे बसली, की मगच मीठ व फेसलेले दही घालून हलक्या हाताने कालवावे. आवडत असल्यास वरून जिरे-हिंगाची चमचाभर फोडणी, तीही गार करून.

एका गोष्टीची बंदी मात्र कडक आहे. 'चिमूटभर साखर' घालावयाची नाही. आमच्याकडील चिमूट हे मोठे लवचिक माप आहे. पुष्कळ घरांत ते चमचाभर भरते. आमच्या सौ.चा हात पहिले पंधरा दिवस साखरेच्या डब्याकडे आपोआप जाई. शेवटी तिनेच तो डबा वरच्या फळीवर ठेविला. महिन्याभरात साखरेची आठवण राहिली नाही. चक्क्याची व शेंगदाण्याची स्वतःची गोडी जिभेला कळू लागली.

एकूण हिशेब केला, तर दोनशे ग्रॅमच्या एका मोठ्या वाटीत कर्बोदके सुमारे १० ग्रॅम पडतात. तितक्याच वजनाच्या भातात ती पन्नासांहून अधिक. आणखी एक गोष्ट. आपली पंगत वरणभाताने सुरू होते. भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ मागून घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून आम्ही पहिली वाटी कोशिंबिरीची संपवितो आणि मग भाताकडे वळतो. तोवर भूक निम्मी झालेली असते; मूद आपोआप लहान होते. ती कोणी हिसकावून घ्यावी लागत नाही.

संस्कृत जाणणारा कोणी वाचक येथे अडवील, की चरकाने प्रमेहाच्या कारणांत दही सांगितले आहे. खरे आहे. त्याच ठिकाणी बैठे सुख, निद्रासुख, नवे धान्य व गुळाचे विकारही सांगितले आहेत, आणि ते मात्र आपण सोयीने विसरतो. आज पृथक्करणाने कळते की साखर न घातलेल्या दह्यात कर्बोदके थोडी असतात. तरीही जुन्या वचनाचा मान राखून आम्ही हे दही दुपारीच घेतो, रात्री नाही. आणि जेवणानंतर शतपावलीऐवजी पाव तास चालतो. चातुर्मासात ज्यांच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य, त्यांस या कृतीत काही बदलावे लागत नाही.

एक इशारा दिल्यावाचून लेख पुरा करणे योग्य होणार नाही. जे इन्शुलिन टोचून घेतात किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी भात-पोळी एकाएकी निम्मी करू नये. औषध तेवढेच व अन्न कमी झाल्यास साखर धोक्याइतकी उतरून घाम, थरथर व मूर्च्छा येऊ शकते. आधी डॉक्टरांस विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही कच्च्या भाज्या व प्रथिने किती घ्यावीत ते विचारूनच ठरवावे. कोशिंबीर हे औषध नव्हे. आमच्या गोळ्या आजही चालू आहेत, मात्र तपासणीचे आकडे ताब्यात आहेत आणि डॉक्टरांनी गोळ्या वाढविलेल्या नाहीत.

गेल्या पितृपक्षात दादांची तिथी होती. पुरणाचा बेत रीतीप्रमाणे झालाच. परंतु सूनबाईने सर्वांच्या पानावर उजवीकडे कोशिंबिरीची वाटी ठेविली होती. धाकट्या नातवाने विचारले, "आजोबा, मोठ्या आजोबांना ही आवडायची का?" आम्ही त्यास सांगितले की त्यांच्या वेळी ती कोणी केलीच नाही. मग त्याने काकबळीच्या पानाकडे पाहिले आणि आपल्या वाटीतील एक चमचा उचलून, कोणास न विचारता, त्या पानावर ठेविला. वाढणारे कोणी त्यास रागे भरले नाही.