विश्लेषण : स्वच्छ इंधनाचे नियम शिथिल केले, तर पेट्रोल खरेच स्वस्त होते का?

अमेरिकेत पेट्रोलचे दर भडकले की एक मागणी हमखास पुढे येते. प्रदूषण रोखण्यासाठी पेट्रोलवर घातलेली बंधने काही काळ बाजूला ठेवा, म्हणजे वाहनचालकांना दिलासा मिळेल. २०२२ ते २०२५ असे सलग चार उन्हाळे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ‘ईपीए’ने, अशी सूट दिली. आधी बायडेन आणि नंतर ट्रम्प, दोन्ही सरकारांनी हाच मार्ग धरला. पण या सुटीतून चालकाच्या खिशात नेमके किती पैसे उरतात?

उन्हाळी पेट्रोल म्हणजे काय?

पेट्रोल उघडे ठेवले की उडून जाते. उकाड्यात ते आणखी वेगाने उडते. टाकीतून आणि पंपावरून निसटलेली ही वाफ, वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि कडक ऊन एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावरचा ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा मात्र फुप्फुसांना इजा करतो. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास सर्वाधिक होतो.

म्हणूनच अमेरिकेत १ जून ते १५ सप्टेंबर या काळात पंपावरच्या पेट्रोलच्या बाष्पदाबावर मर्यादा असते. बहुतांश भागांत ती ९ पीएसआय आहे. हिवाळ्यात रिफायनऱ्या पेट्रोलमध्ये स्वस्त ब्यूटेन जास्त मिसळतात. उन्हाळ्यात ते कमी करून महाग घटक वापरावे लागतात. त्यामुळे उन्हाळी पेट्रोल थोडे महाग पडते.

वाद ‘ई१५’चा का?

अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते. त्याला ‘ई१०’ म्हणतात. इथेनॉल मिसळल्यावर बाष्पदाब वाढतो, म्हणून १९९०च्या कायदादुरुस्तीत ‘ई१०’ला १ पीएसआयची सवलत मिळाली. १५ टक्के इथेनॉलच्या ‘ई१५’ला मात्र ती नाही. त्यामुळे बऱ्याच राज्यांत उन्हाळ्यात ‘ई१५’ विकता येत नसे.

गंमत अशी की ‘ई१५’चा बाष्पदाब ‘ई१०’पेक्षा किंचित कमीच असतो. म्हणूनच या सवलतीने हवेवर परिणाम अपेक्षित नसल्याचे ‘ईपीए’ने म्हटले होते. २०१९मध्ये ट्रम्प सरकारने नियम बदलून ‘ई१५’ला वर्षभर परवानगी दिली. रिफायनरी उद्योग न्यायालयात गेला आणि २०२१मध्ये तो नियम रद्द झाला. यामागे मका आणि खनिज तेल या दोन उद्योगांची जुनी ओढाताण आहे. अमेरिकेत पिकणाऱ्या मक्याचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा इथेनॉलकडे जातो. २०२२ची सूट बायडेन यांनी आयोवात जाऊन जाहीर केली. मका आणि इथेनॉल या दोन्हींच्या उत्पादनात आयोवा अमेरिकेत पहिले आहे.

खिशात किती उरतात?

‘ई१५’ गॅलनमागे सरासरी १० सेंट स्वस्त पडेल, असे तेव्हा व्हाइट हाउसने सांगितले होते. एक अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ‘ई१०’ऐवजी ‘ई१५’ भरले तर मायलेज अंदाजे पावणेदोन टक्क्यांनी घटते. पेट्रोल ४ डॉलर गॅलन धरले, तर हा तोटा सुमारे ७ सेंटचा होतो. म्हणजे १० सेंटच्या सवलतीतून हाती उरतात साधारण ३ सेंट. १५ गॅलनची टाकी पूर्ण भरली तरी बचत अर्ध्या डॉलरच्या आतच.

शिवाय तेव्हा देशातल्या सुमारे दीड लाख पंपांपैकी जेमतेम २,३०० पंपांवरच ‘ई१५’ मिळत होते. मोटारसायकलींत आणि २००१पूर्वीच्या गाड्यांत ते भरण्यास परवानगी नाही.

खरी परीक्षा त्याच उन्हाळ्यात झाली. सूट १ मेपासून लागू होती. तरीही जूनच्या मध्यावर देशातला सरासरी दर पहिल्यांदाच ५ डॉलरच्या वर गेला. कारण पंपावरच्या दराचा मोठा हिस्सा कच्च्या तेलाचा असतो. युक्रेन युद्धामुळे ब्रेंट तेल तेव्हा पिंपाला १२० डॉलरच्या घरात होते. पुढे कच्चे तेल उतरले आणि पेट्रोलही उतरले.

मग सूट कधीच कामाची नसते?

असते, पण टंचाई असेल तेव्हा. ऑगस्ट २००५मध्ये कॅटरिना वादळाने मेक्सिकोच्या आखातालगतच्या रिफायनऱ्या बंद पाडल्या. तेव्हा उन्हाळी पेट्रोलची अट उठवल्याने उपलब्ध असलेले कोणतेही पेट्रोल कुठेही पाठवता आले.

कॅलिफोर्नियाचे उदाहरणही बोलके आहे. या राज्याचे पेट्रोल देशात सर्वांत कडक मापदंडांचे असते आणि ते मोजक्याच रिफायनऱ्या बनवतात. एखादी बंद पडली तर शेजारच्या राज्यातले पेट्रोल आणून चालत नाही. ऑक्टोबर २०२२च्या सुरुवातीला तिथे दर ६.४० डॉलरवर गेला होता. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी हिवाळी पेट्रोल लवकर विकू देण्यास सांगितले. रिफायनऱ्याही पूर्ववत होऊ लागल्या. पुढच्या काही आठवड्यांत दर खाली आला.

किंमत कोण मोजते?

‘ई१५’ची गोष्ट वेगळी. पण हिवाळी पेट्रोल उन्हात विकले की जास्त वाफ हवेत जाते. बचत गाडीवाल्याची आणि खोकला रस्त्याकडेला राहणाऱ्याचा, असा हा हिशेब आहे. म्हणूनच कायद्यात अशा सुटीसाठी अटी आहेत. टंचाई अनपेक्षित आणि असाधारण हवी आणि एका वेळी सूट जास्तीत जास्त २० दिवसांची. ‘ई१५’साठी मात्र २० दिवसांच्या या सुटीला पुनःपुन्हा मुदतवाढ देत अख्खा उन्हाळा काढला गेला, तोही दर वर्षी. आणीबाणीची तरतूद वहिवाट झाली, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप आहे.

नियम मुळात तेवढे महाग असतात का, हेही पाहायला हवे. २०१७पासून तिथे पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा १० पीपीएमवर आणली गेली. त्याचा खर्च गॅलनमागे एक सेंटपेक्षा कमी येईल, असा ‘ईपीए’चा अंदाज होता.

आपल्यासाठी यात काय?

भारतात ‘ई२०’ ही सूट नसून सरकारी धोरण आहे आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे अर्थकारण त्याच्याशी जोडलेले आहे. पण मायलेजचे गणित तेच. ‘ई१०’साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचे मायलेज ‘ई२०’वर ६ ते ७ टक्के घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात नमूद आहे. ही घट भरून निघावी म्हणून असे इंधन स्वस्त असावे, असेही त्यात सुचवले होते.

त्यामुळे ‘नियम सैल, पेट्रोल स्वस्त’ अशी घोषणा कानावर आली, तर आधी दरवाढीचे कारण तपासावे. रिफायनरी बंद असेल, तर काही दिवसांची सूट उपयोगी पडते. कच्चे तेलच महागले असेल, तर हाती चिल्लर येते आणि नियम मात्र सैलच राहतो.