ब्लॉकचेन वित्तव्यवहारांतील गोपनीयता व नियमपालन

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी जतन होणारी, सहसा पुसता न येणारी नोंदवही होय. बिटकॉइनच्या अशा सार्वजनिक नोंदवहीत व्यक्तीचे नाव नसते. मात्र सांकेतिक पत्ता व रक्कम कोणालाही दिसते. पत्त्यामागील व्यक्ती एकदा ओळखली गेली की त्या पत्त्यावरील तिचे जुने व्यवहारही उघड होतात.

भारतात ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी चलनांची देवघेव करणाऱ्या संस्थांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ लागू झाला. ग्राहकाची ओळख पटवणे, नोंदी जतन करणे व संशयास्पद व्यवहार शासनास कळवणे त्यांना बंधनकारक आहे. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती पुसून घेण्याच्या अधिकाराची तरतूद आहे. न पुसल्या जाणाऱ्या नोंदवहीशी तिचा मेळ बसणे कठीण आहे.

यावरील एक उपाय म्हणजे ओळखीची कागदपत्रे साखळीबाहेर ठेवणे. ‘शून्य-ज्ञान पुरावा’ या गणिती पद्धतीने जन्मतारीख उघड न करताही वय १८ पूर्ण असल्याचे सिद्ध करता येते.

बाजारात रोखीने भाजी घेणाऱ्याचे नाव कोठेही नोंदले जात नाही. रिझर्व्ह बँकेनेही डिजिटल रुपयाविषयीच्या ऑक्टोबर २०२२ च्या टिपणात लहान रकमांसाठी रोखीसारखी वाजवी अनामिकता इष्ट मानली आहे.