छाटणी पाहून सुट्टी ठरवा

दिवाळी अंक हातात असताना सहलीचे बेत फार रंगतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीहून नाशिकच्या वाईनरी पाहायला निघायचं असेल, तर रस्ता सोपा आहे: धुळं गाठायचं, मग मुंबई-आग्रा महामार्गानं मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत करत नाशिक. धुळ्यापासून साधारण दीडशे किलोमीटर. पण दिवाळीच्या सुट्टीत निघालात तर द्राक्षं दिसणार नाहीत. बागांची नुकतीच गोडी छाटणी झालेली असते. काही वेलींवर उघड्या काड्या, काहींवर कोवळी फूट.

नाशिकचा वेल वर्षात दोनदा छाटला जातो. फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या थंडीत वेल झोपतो, आपल्याकडे तेवढी थंडीच पडत नाही, म्हणून वेलीचं वर्ष कात्रीनं आखावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती नव्या काड्या तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. दोन छाटण्या, पीक मात्र एकच. वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. तिकडं युरोपात हाच हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला येतो. त्यामुळे निवांतपणा हवा असेल तर हॉटेलच्या आधी बागेचा हंगाम बघा. माझी निवड फेब्रुवारी: पहाटे गारवा, वेलींवर घड आणि वाईनरीत ताज्या रसाचा आंबूस वास.

हा सगळा खटाटोप फार जुना नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजनं 1980 च्या दशकात फसफसणारी वाईन काढली. नाशिकचं नाव झालं ते नंतर. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत वेली लावल्या आणि 2000 साली त्यांच्या 'सुला' वाईनरीची पहिली वाईन बाजारात आली. शेनिन ब्लांक आणि सोव्हिनियाँ ब्लांक ही द्राक्षजातींची नावं तेव्हापासून नाशिककरांच्या तोंडी रुळली. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. आज गंगापूरच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा, इगतपुरीकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने, दिंडोरीत शांदों, अशा वाईनरी आहेत.

इथं सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस मनातल्या मनात हसत असेल, आणि ते योग्यच आहे. भिल्ल-पावरा घरांमध्ये मोहाची दारू ही देवाला धार घालण्याची वस्तू. मोहाच्या फुलांवर मुंबई सरकारनं 1892 सालीच स्वतंत्र कायदा करून बंधनं आणली. एका फळाला उद्योगाचं पार्क, एका फुलाला कायद्याचा बडगा. ही विषमता चव घेताना विसरू नये, असं मला वाटतं.

आता बेत. दिवसाला दोन वाईनरी पुरे. तिसरीत जीभ काम करत नाही. सकाळची फेरी घ्या, कारण बागेतली माणसं तेव्हा मोकळेपणानं बोलतात. टाक्यांपाशी थांबून एक गोष्ट विचारा: लाल वाईनला रंग कुठून येतो? उत्तर सालीत आहे. लाल वाईनचा रस सालींसकट आंबवतात, पांढरीसाठी रस आधी गाळून घेतात. खायच्या थॉमसन द्राक्षांपेक्षा वाईनच्या जातींचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे असतात. चाखून पाहा, निराश व्हाल. पण तेच हवं असतं.

बागायतदाराशी बोलणं झालं तर हवामानाचा विषय आपसूक निघेल. 26 नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीनं निफाड परिसरातल्या बागा झोडपल्या होत्या. पर्यटकासाठी फेब्रुवारी म्हणजे सुट्टी. बागायतदारासाठी तो वर्षभराचा हिशेब.

महाराष्ट्रात वाईनसाठी किमान वय 21, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. 'ड्राय डे'ची तारीख आधी पाहा. गाडी चालवणाऱ्यानं प्यायचं नाही. चालक भाड्यानं घेणं सोपं. परतीला बाटल्या डिकीत टाकून धुळ्याच्या उन्हात जेवायला थांबू नका. डिकीत साठलेली उष्णता वाईन नासवते. बाटल्या गाडीत आत, पायाशी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.