अँटिबॉडीला दिसलं नाही, म्हणजे खूण पुसली गेली?

आज अँटिबॉडीबद्दल बोलूया. कोविडच्या टेस्टवाल्या नाही हां, संशोधक विकत आणतात त्या. पेशीतल्या हजारो प्रथिनांतून नेमकं एक शोधायचं, एवढंच त्यांचं काम.

आपल्या एका पेशीत साधारण २ मीटर डीएनए असतो आणि तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, रिळावरच्या दोऱ्यासारखा. हिस्टोनच्या शेपटीवर बारीक रासायनिक खुणा लागतात. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, यात या खुणांचा मोठा हात असतो.

एच-३ हिस्टोनवर अशा दोन खुणा अगदी शेजारी आहेत. ९व्या जागेवर तीन मिथाइल लागले की तो भाग सहसा घट्ट गुंडाळलेला, बंद. आणि पेशीचं विभाजन सुरू झालं की १०व्या जागेवर फॉस्फेट लागतो. म्हणून या फॉस्फेटला चिकटणारी अँटिबॉडी वापरून गाठीतल्या किती पेशी विभाजनात आहेत ते मोजतात.

आता गंमत बघा. विभाजन होणाऱ्या पेशींवर ९व्या जागेची अँटिबॉडी टाकली, तर काही वेळा चमक एकदम उतरते. वाटतं, पेशीने खूण पुसली! पण खूण तिथंच असते. शेजारी फॉस्फेट आला, त्यामुळे अँटिबॉडीला टेकता येत नाही. नव्या दुकानाच्या बोर्डामागे जुनी पाटी झाकली जावी, तसं. मला यातली भारी गोष्ट म्हणजे पेशी स्वतःच ही युक्ती वापरते. ९व्या जागेची खूण 'वाचणारं' एचपी-१ हे प्रथिन विभाजनाच्या वेळी याच फॉस्फेटमुळे सुटतं, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं.

झाकलेली पाटी म्हणजे फक्त एक भानगड. २०११ मध्ये हिस्टोनच्या ५७ खुणांसाठीच्या २०० हून जास्त अँटिबॉडी तपासल्या, तर २५ टक्क्यांहून जास्त अँटिबॉडी भलतीकडेही चिकटत होत्या. लेबलवर नाव मात्र बरोबर!

तपासायचं कसं? शेपटीचे कृत्रिम तुकडे बनवतात: एकावर काहीच नाही, एकावर फक्त ९वी खूण, एकावर ९वी आणि १०वी दोन्ही. मग अँटिबॉडी कुठे चिकटते ते बघायचं. एखाद्या पेपरात 'विभाजनात खूण नाहीशी होते' असं वाचलंत, तर मी आधी हा तिसरा तुकडा शोधेन. तो नसेल, तर त्या वाक्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह.