ग्राफिक्स कार्डचे ओव्हरक्लॉकिंग आणि स्थैर्य : एक विवेचन

प्रस्तावना :
पडद्यावरील चित्रनिर्मितीसाठी विकसित झालेले ग्राफिक्स कार्ड आज वैज्ञानिक गणनेचेही प्रमुख साधन बनले आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक एनव्हिडियाच्या ए-१०० प्रोसेसरांवर उभारलेला असून नोव्हेंबर २०२० मध्ये त्याने जगातील ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत ६३ वे स्थान मिळविले. ग्रामीण महाविद्यालयाला मात्र बहुधा एखाद्या साध्या कार्डावरच काम भागवावे लागते. तेव्हा आहे त्याच कार्डाची गती वाढविण्याचा विचार स्वाभाविकपणे पुढे येतो.

संकल्पना :
उत्पादकाने ठरविलेल्या वारंवारितेपेक्षा अधिक वारंवारितेवर कार्ड चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. उदाहरणार्थ, २०१६ मधील जीटीएक्स १०८० या कार्डाची मूळ वारंवारिता १६०७ मेगाहर्ट्झ आहे. म्हणजे प्रत्येक आवर्तनास सुमारे ०.६२ नॅनोसेकंद मिळतो. सर्व चिप्स सारख्या नसल्यामुळे उत्पादक काही राखीव अंतर सोडतो. ओव्हरक्लॉकिंगमध्ये हेच अंतर खर्ची पडते. कमी वेळात संकेत पोहोचावा यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते. चिपमधील स्विचिंगसाठी लागणारी वीज वारंवारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वारंवारिता १० टक्के व व्होल्टेज ५ टक्के वाढविल्यास गती फार तर १० टक्क्यांनी वाढते. ही वीज व तीमुळे होणारी उष्णता मात्र सुमारे २१ टक्क्यांनी वाढते.

स्थानिक हवामानाचा प्रभाव :
बागलाण तालुक्यातील नामपूर परिसरात उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंशांपर्यंत जाते. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर स्थिरावणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ अंशांच्या आसपास पोहोचू पाहते. जीटीएक्स १०८० ची मूळ तापमान-मर्यादा ८३ अंश असल्याने ते स्वतःच गती कमी करते. तात्पर्य, डिसेंबरमध्ये स्थिर ठरलेली मांडणी मे महिन्यात स्थिर राहीलच असे नाही.

स्थैर्याची कसोटी :
वारंवारिता १५ ते २५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी वाढवावी व प्रत्येक टप्प्यावर पूर्ण भार देऊन निरीक्षण करावे. प्रोसेसर व मेमरी यांची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी. दोष दिसताच दोन टप्पे मागे येऊन काही तास सलग चाचणी घ्यावी. जीडीडीआर-५ मेमरीत सदोष माहिती पुन्हा पाठविण्याची सोय असल्याने मर्यादा ओलांडल्यावर पडदा निर्दोष दिसतो, परंतु गती घटते.

तथापि संगणक बंद न पडणे म्हणजे उत्तर बरोबर असणे नव्हे. खेळात एखादा चुकीचा ठिपका क्षणात विरून जातो. संशोधनात तीच चूक निष्कर्षात कायम राहते. ए-१०० मध्ये मेमरीतील चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था असते. सामान्य कार्डांत ती सहसा नसते. म्हणून एकच पूर्णांकी गणना मूळ व वाढीव अशा दोन्ही वारंवारितांवर वारंवार करून उत्तरे ताडून पाहावीत. दशांश अपूर्णांकांत केवळ बेरजेचा क्रम बदलल्यानेही किंचित फरक पडू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

निष्कर्ष :
ओव्हरक्लॉकिंग हा विद्यार्थ्यांना उष्णता, वीज व गती यांचा संबंध प्रत्यक्ष दाखविणारा उत्तम प्रयोग आहे. परंतु प्रकाशित करावयाची गणना मूळ वारंवारितेवरच करणे इष्ट ठरते. उन्हाळ्यात धूळ काढणे, हवा खेळती ठेवणे आणि चाचणी घेऊन व्होल्टेज किंचित कमी करणे हे उपाय अधिक हितावह होत.